सोफिया ते राझग्राद: बल्गेरियन लीगचा शेवटचा आठवडा, मे 2012

19 मे, शनिवार

मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून सोफिया. विमानतळावर दादा घ्यायला आला होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, सोफियात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. बॅग डिकीत टाकता टाकता त्यानं विचारलं, "आधी चर्च बघायचं का स्टेडियम?" आम्ही दोघंही कोल्हापूरचे, फुटबॉलवेडे. गाडी सरळ बोरिसोवा ग्रादिनाकडे वळली.

बल्गेरियाची ओढ आम्हाला लागली ती 1994 च्या विश्वचषकात. जर्मनी एका गोलनं पुढे, सामना संपत आलेला, आणि तीन मिनिटांत खेळ उलटला. आधी स्तोइचकोव्हची फ्री किक, मग लेच्कोव्हचं हेडर. दूरदर्शनवर तो सामना बघताना आख्खी गल्ली जागी होती. त्या संघानं चौथा क्रमांक मिळवला आणि स्तोइचकोव्ह सहा गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला आला. त्याआधी सोफियाच्या सीएसकेए क्लबकडून खेळताना, 1989-90 च्या हंगामात त्यानं 38 गोल केले होते. त्यामुळे मला बघायचं होतं ते सीएसकेएचंच मैदान.

बोरिसोवा ग्रादिना ही शहराच्या मधोमध असलेली मोठी बाग. जुनी उंच झाडं, बाकांवर बुद्धिबळ मांडून बसलेले आजोबा, आणि त्या झाडीतच दोन स्टेडियम, एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. एक राष्ट्रीय स्टेडियम, स्वातंत्र्यवीर वासिल लेव्हस्कीच्या नावाचं. दुसरं बल्गेरियन आर्मी स्टेडियम, म्हणजे सीएसकेएचं घर. हा लष्कराचा क्लब, स्थापना 1948 ची, नावावर 31 लीग विजेतेपदं. शेवटचं 2008 चं, तेही अख्ख्या हंगामात एकही सामना न हरता. त्यानंतर मात्र चार वर्षं लीगचं विजेतेपद नव्हतं. गेटबाहेर एक बाई कागदाच्या पुड्यांत सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकत होत्या. इथे सामना बघायचा म्हणजे हातात ही पुडी हवीच. पायऱ्यांवर फोलपटांचा थर इतका जाड की पाय टाकला की कुरकुर वाजायचं.

20 मे, रविवार

सकाळी बनित्सा आणि आयरान, म्हणजे ताकासारखं पेय. बनित्सा म्हणजे पापुद्र्यांत चीज भरून भाजलेला प्रकार, गरम असतानाच खायचा. मग लेव्हस्की या क्लबचं मैदान बघायला निघालो. लेव्हस्की आणि सीएसकेए ही सोफियाची जुनी खुन्नस. निळे आणि लाल. लेव्हस्कीच्या स्टेडियमला त्यांचा गाजलेला आघाडीपटू गेओर्गी आस्पारुखोव्हचं नाव आहे. लोक त्याला अजून गुंडी म्हणतात. 30 जून 1971 ला वितिन्या खिंडीत मोटार अपघातात तो गेला, सोबत त्याचा संघसहकारी निकोला कोत्कोव्हही. आस्पारुखोव्ह तेव्हा अवघा 28 वर्षांचा होता. आम्ही गेलो त्या दिवशी त्याच्या पुतळ्यापाशी ताजी फुलं होती. चाळीस वर्षांनंतरही खेळाडूसाठी फुलं आणणारं गाव मला तिथल्या तिथे आपलं वाटलं.

संध्याकाळी दादाचा एक सहकारी भेटला. मूळचा पेर्निकचा, म्हणून मी त्याला पेर्निककरच म्हणायला लागलो, आणि ते त्याला आवडलं. जन्मापासून सीएसकेएचा. 1982 च्या मार्चमध्ये गतविजेत्या लिव्हरपूलला सोफियात 2-0 हरवून सीएसकेए युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत गेला, दोन्ही गोल स्तोइचो म्लादेनोव्हचे. ती गोष्ट त्यानं वडिलांकडून ऐकलेली. पण सांगत असा होता, जणू स्वतः गोलमागे उभा होता. राझग्रादच्या सामन्याची तीन तिकिटं त्यानं काढून ठेवली होती, पाहुण्यांच्या गॅलरीतली.

21 मे, सोमवार

दादा आणि पेर्निककर कामावर. मी एकटाच शहरात भटकलो, जेवण शोपस्का सॅलड आणि पाव. दिवसभर डोक्यात गुणतक्ताच घोळत होता.

तो तक्ता समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. लीगमध्ये 16 संघ, 30 फेऱ्या. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. 29 फेऱ्या झाल्यावर सीएसकेए 69 गुणांवर पहिला, लुडोगोरेट्स 67 वर दुसरा. आणि तिसाव्या फेरीत या दोघांचीच एकमेकांशी गाठ, तीही लुडोगोरेट्सच्या गावात. हंगाम सुरू होण्याआधी सामन्यांचा क्रम ठरवताना हे कुणाच्या स्वप्नातही नसणार. सीएसकेएला बरोबरी पुरे होती. लुडोगोरेट्सला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लुडोगोरेट्स म्हणजे ईशान्येकडच्या राझग्रादचा संघ. गावाची वस्ती 34 हजारांच्या आसपास. हा त्यांचा वरच्या डिव्हिजनमधला पहिलाच हंगाम. 2010 मध्ये उद्योगपती किरिल दोमुस्चिएव्ह यांनी क्लब घेतला, 2011 मध्ये तो वर चढला. दोमुस्चिएव्ह यांची हुवेफार्मा जनावरांची औषधं बनवते. तिचं एक कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. पैसा आला तसे खेळाडू आले: ब्राझीलचा मार्सेलिन्यो, स्लोव्हाकियाचा गुल्दान, फ्रान्सचा बार्थ, पूर्वी सीएसकेएकडूनच खेळलेला एमिल गार्गोरोव्ह. प्रशिक्षक इवायलो पेतेव्ह. पाचच दिवसांपूर्वी, 16 मे रोजी, बुर्गासला लोकोमोटिव्ह प्लोव्हदिव्हला 2-1 हरवून त्यांनी बल्गेरियन कपही घेतला होता.

"पैशानं विकत घेतलेला संघ," असं सोफियात जो तो म्हणत होता. मला ते तेव्हाही पटलं नाही. राजधानीतल्या मोठ्या क्लबांकडेही वर्षानुवर्षं कुणाचा ना कुणाचा पैसा आहेच. छोट्या गावाकडे आला की तेवढा तो डोळ्यांत का खुपतो?

22 मे, मंगळवार

पहाटे तीनला पलंग हलला. आधी वाटलं दादा उठवतोय. मग कपाटातल्या बशा वाजू लागल्या, आणि खालून ट्रकची रांग जावी तशी घरघर आली. दादाचं घर सातव्या मजल्यावर, काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या जुन्या इमारतीत. आम्ही जिन्यानं खाली धावलो. पटांगणात सगळी बिल्डिंग जमली होती: झोपेचे कपडे, कडेवर मुलं, एका आजींच्या हातात मांजराची टोपली. जो तो फोन लावत होता आणि कुणाचाच लागत नव्हता.

तासाभरात कळलं, 5.6 तीव्रतेचा भूकंप, केंद्र पेर्निकजवळ.

पेर्निककरचा फोन उजाडताना लागला. तो तेव्हाच निघाला होता. आई-वडील ठीक होते, पण घराची चिमणी कोसळून छपरातून आत आली होती आणि धक्के थांबत नव्हते. "तुम्ही जा," तो म्हणाला, "आणि माझं तिकीट वाया घालवू नका. गेटवर एखाद्या पोराला द्या. विकू मात्र नका." दादानं पेर्निकला येतो म्हणून सांगितलं, तर तो चक्क रागावला. "इथे बघायला माणसं आहेत. तिथे बघायला माझ्याकडचं कोणी नाही."

दुपारी आम्ही दादाच्या जुन्या ओपेलमधून निघालो. सोफियाहून राझग्राद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो रस्ता म्हणजे त्या हंगामाचा गुणतक्ताच आडवा पसरलेला. आधी वितिन्याचा बोगदा. वरच्या जुन्या खिंडीत आस्पारुखोव्ह गेला. मग याब्लानित्सा. हलव्यासाठी हे गाव देशभर प्रसिद्ध. तिथे तिळाचा नाही, सूर्यफुलाच्या बियांचा हलवा घेतला. पापुद्रे सुटणारा, बोटांना तेल लागणारा. पेर्निककरच्या आईसाठी एक मोठा ठोकळा बांधून घेतला.

तिथून रस्ता थोडा वाकडा करून लोव्हेचला गेलो, कारण 2010 आणि 2011 ची दोन्ही विजेतेपदं या गावातल्या लितेक्स क्लबची. त्याआधी 1998 आणि 1999 ची. चाळीस हजारांच्याही आतलं गाव, ओसम नदीवर लाकडी छताचा पूल आणि पुलाच्या आत दोन्ही बाजूंना दुकानं. मूळ पूल कोल्यो फिचेतो या गवंड्यानं 1870 च्या दशकात बांधला. 1925 मध्ये तो जळाला, मग पुन्हा उभा केला. पुलावरच्या दुकानदाराला विचारलं, यंदा विजेते कोण? तो म्हणाला, "लहान गावातलेच कुणीतरी होवोत."

आज हे लिहिताना लोव्हेचचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. 2015 च्या डिसेंबरमध्ये लेव्हस्कीविरुद्धच्या सामन्यात लितेक्सचे खेळाडू मैदान सोडून गेले आणि क्लब लीगमधून काढला गेला. त्याच वर्षी कर्जात बुडालेला सीएसकेए तिसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकलला गेला होता. 2016 मध्ये लितेक्सच्याच परवान्यावर नवा सीएसकेए उभा राहिला. राजधानीच्या क्लबला वाचवताना लोव्हेचची चार विजेतेपदं पोरकी झाली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. त्या संध्याकाळी पुलावर मुलं लितेक्सचे केशरी शर्ट घालून खेळत होती.

पुढे सेव्हलिएव्हो. नळ आणि वॉशबेसिनच्या कारखान्याचं गाव, संघाचं नाव विदिमा-राकोव्हस्की, तक्त्याच्या तळाजवळ. मुक्काम वेलिको तिर्नोव्होला. ही मध्ययुगातली राजधानी, यांत्रा नदीच्या वळणांवर घरं एकावर एक चढलेली. इथला संघ एतर 1991 मध्ये विजेता झाला होता. 1994 च्या संघातले बालाकोव्ह आणि त्रिफोन इवानोव्ह या गावानं घडवले.

23 मे, बुधवार

सकाळी तिर्गोविश्तेला चहा. तिथला संघ स्वेतकावित्सा. तो आणि लुडोगोरेट्स शेजारी, मध्ये जेमतेम चाळीस किलोमीटर. दोघंही 2011 मध्येच वर आले. एक विजेतेपदासाठी खेळायला उतरणार होता आणि दुसरा खालच्या डिव्हिजनमध्ये परतायची तयारी करत होता. चहाच्या टपरीवरच्या माणसाला त्याचं दुःख वाटत असावं, पण तो बोलला वेगळंच. "शेजारी जिंकला तर आमचाही थोडा जिंकल्यासारखा."

राझग्राद दुपारी आलं. सपाट, हिरवं, गव्हाच्या शेतांत वसलेलं गाव. बाजारात तुर्की आणि बल्गेरियन दोन्ही भाषा कानावर पडतात. चौकाजवळ 1616 ची इब्राहिम पाशा मशीद, बाल्कनमधल्या सगळ्यात मोठ्या मशिदींपैकी एक. बरीच वर्षं बंद पडलेली. आणि त्या दिवशी सगळीकडे लुडोगोरेट्सचा हिरवा रंग. बेकरीच्या काचेवर, म्हाताऱ्यांच्या गळ्यात, कुत्र्याच्या पट्ट्याला. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते जसे दिसतात, तसं ते गाव दिसत होतं.

गेटवर शुमेनहून आलेला एक पोरगा भेटला. लाल मफलर आणि हातात तिकीट नाही. पेर्निककरचं तिकीट त्याला दिलं. विकत नाही, फुकट आहे, हे त्याला पटेना. पेर्निकचं नाव घेतल्यावर पटलं. पूर्ण सामनाभर तो आमच्या शेजारी होता.

अशा रीतीनं मी सीएसकेएच्या गॅलरीत बसून लुडोगोरेट्सचा सामना बघितला. स्टेडियम छोटं. इतकं छोटं की खेळाडूंचं ओरडणं ऐकू यायचं, चेंडूला बूट लागल्याचा आवाज यायचा. दोन्ही संघांकडे त्या हंगामात 16 गोल केलेला एकेक खेळाडू: त्यांचा इवान स्तोयानोव्ह, सीएसकेएचा ज्युनियर मोराइस. गोलांच्या यादीत दोघे बरोबरीनं पहिले.

शून्य-शून्य असेपर्यंत आमच्या गॅलरीत गाणी होती. बरोबरी म्हणजे विजेतेपद, त्यामुळे जाणारं प्रत्येक मिनिट लाल रंगाचं. मग मिरोस्लाव इवानोव्हनं गोल केला.

त्या गोलाची गंमत नीट सांगायला हवी. साधारणपणे गोल म्हणजे एका सामन्यातला एक गोल. हा गोल जाळ्यात गेला त्या क्षणी 29 फेऱ्यांचा सगळा हिशेब उलटला. ऑगस्टपासून मेपर्यंत गोळा केलेला सीएसकेएचा तो दोन गुणांचा फरक संपला आणि हिरव्यांकडे एका गुणाची आघाडी आली. आणि तरीही काही संपलं नव्हतं, कारण सीएसकेएनं एक गोल फेडला की सगळं पुन्हा लालांकडे. दोन्ही संघ आता एकाच गोलवर उभे होते, आणि तो गोल अजून व्हायचा होता. शुमेनच्या पोरानं बियांची पुडी मुठीत घट्ट धरली होती, एकही बी खाल्ली नाही. माझ्या मागच्या म्हाताऱ्यानं खेळाकडे पाठ केली आणि दर मिनिटाला नातवाला विचारत राहिला, "किती उरलं?" समोरच्या गॅलरीतही कुणी बसलेलं नव्हतं.

सामना 1-0 नंच संपला. लुडोगोरेट्स 70, सीएसकेए 69.

मैदान हिरव्या माणसांनी भरलं. पैशाची गोष्ट करणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं. रडणारे रेल्वेतले कामगार, बेकरीवाल्या बाया, तुर्की आजोबा, शाळेतली पोरं. मालकाचा पैसा खेळाडू आणतो. पण ही माणसं कुणी पैसे देऊन आणली नव्हती. आपल्या गावाचं नाव देशानं पहिल्यांदा असं घेतलं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते खरंच होतं. आमच्या गॅलरीतही माणसं रडत होती. तेही तितकंच खरं. दादानं पेर्निककरला फोन लावला. तो पलीकडून एवढंच म्हणाला, "माहीत आहे. रेडिओ चालू होता. पोराला तिकीट दिलंत ना?"

24 मे, गुरुवार

हा बल्गेरियाचा मोठा सण. सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांच्या, म्हणजे लिपीच्या आणि शिक्षणाच्या सन्मानाचा. शाळांची मुलं फुलं घेऊन मिरवणुकीत निघतात, दोन्ही संतांच्या तसबिरींना पानाफुलांची कमान असते. राझग्रादची रात्र झोपेविना गेली होती, तरी मिरवणूक वेळेवर निघाली. पांढऱ्या शर्टांवर हिरवे मफलर, एका शिक्षिकेचा आवाज पार बसलेला. त्यांनी मुलांना गाणं हातवाऱ्यांनीच सुरू करून दिलं.

नंतर अब्रितुसला गेलो. गावाच्या कडेला रोमन शहराचे अवशेष, दगडी तटबंदीचे पाये, शेजारी संग्रहालय. इसवी सन 251 मध्ये इथे गॉथांशी लढताना सम्राट डेसियस मारला गेला. परकीय शत्रूशी लढताना मेलेला हा पहिला रोमन सम्राट. आवारातल्या पहारेकऱ्याला मात्र त्या दिवशी डेसियसमध्ये रस नव्हता. आम्ही सामन्याला होतो हे कळल्यावर त्यानं तिकीटच घेतलं नाही, आणि गोल कसा झाला ते आम्हालाच दोनदा सांगितलं.

दुपारनंतर एका दमात सोफिया.

25 मे, शुक्रवार

हलव्याचा ठोकळा घेऊन पेर्निकला. सोफियाच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटर, दगडी कोळशाचं गाव. इथला संघ मिन्योर, म्हणजे खाणकामगारांचा. रस्त्यावरून जाताना दर तिसऱ्या-चौथ्या घराची चिमणी पडलेली किंवा वाकलेली. भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेले तिरपे तडे. काही अंगणांत तंबू, कारण लोक रात्री आत झोपायला तयार नव्हते.

पेर्निककरचे वडील निवृत्त खाणकामगार. छपरातलं भोक त्यांनी ताडपत्रीनं झाकलं होतं आणि अंगणात पडलेल्या विटा हातोडीनं साफ करत बसले होते. चांगल्या एका बाजूला, फुटक्या दुसऱ्या बाजूला. वीट उचलायची, चुना ठोकून काढायचा, बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. आवाज खणखणीत आला तर ठेवायची. खाणीत छताचा दगडही असाच वाजवून बघायचो, ते म्हणाले. आम्हीही बसलो. बोलता बोलता सामना सांगून झाला, मिरोस्लाव इवानोव्हचा गोल दोनदा सांगून झाला. आईंनी हलवा कापून आणला.

लुडोगोरेट्स पुढे कुठे पोचणार आहे हे त्या अंगणात कुणालाच माहीत नव्हतं. जुलैमध्ये ते झाग्रेबला डिनामोकडून शेवटच्या क्षणी 3-2 हरून चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीतून बाहेर पडले. दोन वर्षांनी रोमानियाच्या स्तेआवाविरुद्ध गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाल्यावर मोत्सी हा बचावपटू गोलमध्ये उभा राहिला, त्यानं दोन पेनल्टी अडवल्या आणि संघ मुख्य स्पर्धेत गेला. राझग्रादच्या एका गॅलरीला आज त्याचं नाव आहे. आणि देशात 2012 पासून 2025 पर्यंत सलग 14 विजेतेपदं. इतकी एकाच गावात जावीत हे लीगसाठी चांगलं झालं असं मला वाटत नाही. लोव्हेच, सेव्हलिएव्हो, तिर्गोविश्ते या वाटेवरच्या गावांनाही एखादा तसा बुधवार मिळायला हवा होता. विदिमा आणि स्वेतकावित्सा दोघंही त्याच हंगामात खाली गेले.

मिन्योर मात्र टिकला होता. विटांचा ढीग निम्म्यावर आला तेव्हा बाप-लेकात वाद जुंपला होता. नवा विजेता पुढच्या हंगामात पेर्निकला येईल, तेव्हा खाणकामगार त्याला रोखतील की नाही? बाप म्हणे हो, लेक म्हणे शक्यच नाही. दोघांनी आम्हाला पंच नेमलं, आणि पंचांनी तो सामना बघायला यायचंच असं ठरवून टाकलं.